पाच मीटर पाऊस

जुलैतल्या एखाद्या सकाळी नगरच्या माळीवाडा बस स्थानकावर चहा घेता घेता वर्तमानपत्र उघडलं, की जिल्ह्याच्या पानावर दोन बातम्या शेजारी शेजारी बसलेल्या सापडतात. एकीत पाथर्डी नाहीतर जामखेडकडच्या पेरण्या खोळंबलेल्या असतात. दुसरीत घाटघर, रतनवाडी, पांजरे, भंडारदरा, वाकी अशी नावं असतात आणि प्रत्येक नावापुढे गेल्या चोवीस तासांतल्या पावसाचा आकडा, बहुतेक वेळा तीन अंकी. चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे दुसरी बातमी आधी वाचतात. जिल्हा एकच आहे. कागदोपत्री आता तो अहिल्यानगर झाला, लोकांच्या तोंडी अजून नगरच आहे, आणि क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यांत मोठा आहे. मोठेपणाची गंमत अशी, की या जिल्ह्याच्या डोक्यावर एक आभाळ पुरत नाही.

नगर शहरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस होतो. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या ऐन काठावरच्या घाटघरला तो पाच हजारांच्या आसपास जातो, आणि जोराच्या वर्षी त्याहूनही बराच पुढे. मिलिमीटर हे माप फसवं आहे, त्याने काही डोळ्यांसमोर येत नाही. पाच हजार मिलिमीटर म्हणजे पाच मीटर. पडलेलं सगळं पाणी वाहून न जाता जागच्या जागी साचून राहिलं असतं, तर गावावर तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पाणी झालं असतं. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात पाच लाख लिटर पाणी पडतं. नगरमधल्या तेवढ्याच छपराच्या वाट्याला पन्नास-साठ हजार लिटर. महसूल खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला, की त्या मंडळात ‘अतिवृष्टी’ झाली असं धरतात. घाटघरला तेवढा पाऊस झाला तर लोक म्हणतात, आज जरा उघडीप आहे.

याचं कारण गावाच्या पश्चिमेला उभं आहे. घाटघरजवळ जमीन एकाएकी संपते आणि खाली शहापूरकडचं कोकण दिसतं. अरबी समुद्रावरून निघालेलं बाष्पाचं वारं कोकणच्या सपाटीवरून फारसा अडथळा न होता येतं आणि या भिंतीला धडकतं. पुढे जायला वाट नाही, म्हणून वर चढतं. वर गेलं की गार होतं, आणि गार झालं की त्याला पाणी पेलत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. शेजारी रतनगड, अलंग, मदन, कुलंग, दक्षिणेला हरिश्चंद्रगड. ढगांची झडती घ्यायला एवढे पहारेकरी उभे असल्यावर ते पुढे रिकाम्या हातानेच जायचे. वाऱ्याचा जोर असा, की कड्यावरून खाली झेपावणारं ओढ्याचं पाणी कधी कधी उलटं वर उडतं आणि कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला खालून भिजवतं. मग राजूर येईपर्यंत पाऊस पुष्कळ उतरतो, अकोले गावात आणखी कमी होतो, संगमनेरला ढग नुसते पाहायला मिळतात.

दूरदेशी जे बर्फाचं, ते इथे पावसाचं. नगर जिल्ह्याची बर्फाशी ओळख गारपिटीपुरती. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारांनी पिकं झोडपली. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस पारनेर तालुक्यात गारा पडल्या तेव्हा काही तास शेतं पांढरी झाली होती. फोटो बघणाऱ्यांना काश्मीर आठवलं, कांदा लावलेल्यांना कर्ज. पण ते संकट एका दुपारचं असतं. त्याची सवय कुणाला होत नाही आणि व्हायचीही नसते. सवय लागते ती मुक्कामाला येणाऱ्या गोष्टीची. जपानच्या उत्तरेला आओमोरी शहरात एका हिवाळ्यात सगळं मिळून सहा-सात मीटर बर्फ पडतो. तिथली माणसं छपरावर चढून फावड्याने बर्फ खाली ढकलतात, दार उघडायला वाट खणतात आणि मग कामावर जातात. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुमशेत, पाचनई या गावांचा जून ते सप्टेंबर याच जातीचा. फरक इतकाच, की बर्फ दिसतो आणि थांबतो. पाऊस वाहून जातो आणि मागे फक्त ओल ठेवतो.

पूर्वेकडच्या एखाद्या तालुक्यातून इकडे बदली झालेला प्राथमिक शिक्षक ही या भागातली जुनी, ओळखीची व्यक्तिरेखा आहे. पावसाची वाट बघण्यात वाढलेला माणूस. त्याच्या गावी मृगाचे चार थेंब पडले तरी लोक अंगणात येऊन उभे राहतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात गुरुजी खूश असतात. घरी फोन करून पावसाचा आवाज ऐकवतात. दुसऱ्या आठवड्यात आवाज ऐकवायची गरज उरत नाही, कारण फोनला रेंजच नसते. तिसऱ्या आठवड्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, काडेपेटीची काडी पेटण्याऐवजी चुरगळते, पट्ट्यावर आणि चपलेवर हिरवट-पांढरी बुरशी चढते, पेटीच्या तळाशी जपून ठेवलेली प्रमाणपत्रं एकमेकांना चिकटतात. धुतलेली विजार चौथ्या दिवशीही धुतल्यासारखीच असते.

अशा वेळी घरमालकीण आजी कपडे बघून हसते आणि चुलीवर बांधलेल्या काठीकडे बोट दाखवते. “गुरुजी, इथं उन्हात नाही वाळत, धुरात वाळतं.”

तेव्हापासून गुरुजींच्या अंगाला वर्गात धुराचा वास येऊ लागतो. पोरं त्यावर काही बोलत नाहीत, कारण त्यांच्याही अंगाला तोच असतो. हा वास आला की माणूस पावसाळ्याच्या हजेरीपटावर चढला असं समजायला हरकत नाही. शाळेचं छप्पर पत्र्याचं असलं तर एक धडा वेगळाच शिकावा लागतो. सर जोरात आली की शिकवणं ऐकू येत नाही. आधी गुरुजी ओरडून बघतात, मग घसा बसतो, मग ते फळ्यावर लिहून देतात आणि शांत उभे राहतात. जुने शिक्षक म्हणे पाढे आणि कविता उघडिपीसाठी राखून ठेवत आणि शुद्धलेखन सरींसाठी.

आणखी एक गोष्ट पायाला कळते. सतत चिखलात आणि पाण्यात राहून बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, फाटते, खाजते. याला चिखल्या म्हणतात. नगरच्या बाजूला हा शब्द फार तर ऐकीव; इथे तो आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांतला घरोघरचा विषय. रात्री चुलीपुढे पाय शेकायचे, हळद-तेल लावायचं किंवा मेंदी वाटून थापायची आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात उतरायचं.

बाहेरच्याला वाटतं, या लोकांना पावसाची सवय आहे. तसं पाहिलं तर माणसाच्या कातडीला कसली सवय होत नाही. तिथला म्हातारासुद्धा भिजला की कुडकुडतो आणि थंडीतापाने पडतो. सवय माणसाच्या अंगात नसते, ती त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंत असते, घरात, गोठ्यात, बियाण्यात. गुरुजींना पावसाळा जड जातो तो मन कच्चं असतं म्हणून नव्हे. त्यांच्या खोलीत माळा नसतो आणि माळ्यावर सरपण नसतं, म्हणून.

पावसाळ्याचं खरं काम पाऊस नसताना होतं. फेब्रुवारीपासून सरपण तोडून, फोडून, रचून ठेवायला सुरुवात होते. गोवऱ्या थापून हुडवे लागतात. भाताचा पेंढा गुरांसाठी घराच्या पोटमाळ्यावर चढतो. मिरची, मीठ, हळद, तेल, सुकट-बोंबील यांची बेगमी होते. किनाऱ्याकडे ज्याला आगोट म्हणतात तोच हा खटाटोप. छप्पर गवताचं असेल तर शाकारून घ्यायचं, कौलाचं असेल तर फुटकी कौलं बदलायची. कारवीच्या काठ्यांचे कूड शेणामातीने लिंपायचे आणि पावसाच्या तोंडाला, म्हणजे पश्चिमेच्या अंगाला, पेंढ्या-गवताच्या ताट्या बांधायच्या. जुन्या घरांत त्या बाजूला खिडकी नसे. शहरातून आलेल्यांना ही घरं अंधारी आणि धुरकट वाटतात. पण तो धूर घरातला सगळ्यांत कष्टाळू गडी आहे. तो छपराचं गवत कुजू देत नाही, माळ्यावरचं सरपण कोरडं ठेवतो, टांगलेल्या कणसांतल्या बियाण्याला कीड लागू देत नाही. डोळ्यांचं आणि फुप्फुसांचं तो वाटोळं करतो हेही खरं आहे. त्याची किंमत घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चुकवली आहे.

पावसाची सवय खऱ्या अर्थाने कुणाच्या अंगात मुरली असेल, तर ती इथल्या बैलाच्या. डांगी हे या पट्ट्यातलं जनावर. अकोले, इगतपुरी, ठाण्याचा डोंगराळ भाग आणि गुजरातेतला डांग हा त्याचा मुलूख. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, मध्यम बांधा, चाल संथ. दुधाला बेताचंच, आणि शर्यतीत खिल्लारपुढे त्याचं काही चालायचं नाही. पण त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो. त्यामुळे पावसाचं पाणी अंगात न मुरता ओघळून जातं. खूर काळे आणि गारगोटीसारखे टणक. आठ-आठ दिवस खाचरातल्या चिखलात उभे राहिले तरी मऊ पडत नाहीत. सोलापूर-सांगलीकडचा देखणा खिल्लार इथे आणून आवणीला जुंपला, तर तो पुष्य नक्षत्राच्या म्हाताऱ्या पावसापर्यंत टिकेल की नाही याची पैज कुणी लावणार नाही. राजूरला हिवाळ्यात डांगी जनावरांचं प्रदर्शन आणि बाजार भरतो. तिथे पारखी माणूस जनावराच्या अंगावरून हात फिरवतो आणि मग स्वतःचा तळवा निरखतो. तळव्याला तेलाचा ओशटपणा लागला पाहिजे. माणसाने या पावसासाठी इरलं आणि घोंगडी शोधली. डांगीने आपलं इरलं कातडीतच विणून घेतलं.

ज्या जुलैला शहरातली शाळा ‘अतिवृष्टीमुळे सुट्टी’ देते, तो जुलै इथल्या शेतकऱ्याचा ऐन कामाचा महिना. उन्हाळ्यात शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या आणि वर माती पसरून राब भाजलेला असतो. त्या जागेतलं तणाचं बी जळून जातं आणि राखेचं खत होतं. पहिल्या पावसाला त्यात भात पेरतात. रोपं वितीएवढी झाली की खाचरात पाणी तुंबवून, चिखलणी करून आवणी. त्या वेळी पाऊस धो धो हवा. तो थांबला तर काळजी. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस या दोन्हींत मिळून आवणी उरकली, की जीव भांड्यात पडतो. गंमत म्हणजे हीच नक्षत्रं जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कर्जत-जामखेडला, फारशी हिशेबात नसतात. तिकडची भिस्त परतीच्या पावसावर. हत्तीचं नक्षत्र बरसलं आणि जमिनीत ओल राहिली तर रब्बीची ज्वारी. तेव्हा मात्र इकडे भात निसवून दाणा भरत आलेला असतो, आणि हत्तीचा जोराचा पाऊस म्हणजे आडवं पडलेलं पीक. एकाच पंचांगाच्या एकाच पानावर जिल्ह्याचा एक कोपरा हात जोडतो तेव्हा दुसरा हात जोडूनच उलटं मागणं मागत असतो.

आवणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर पूर्वी इरली असत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात पळसाची पानं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत. कासवाच्या पाठीसारखं हे इरलं छत्रीपेक्षा शंभर पटींनी शहाणं, कारण त्यात दोन्ही हात मोकळे राहतात आणि वाकलं तरी पाठ झाकलेली राहते. छत्री हे चालणाऱ्या माणसाचं साधन आहे, काम करणाऱ्याचं नव्हे. आता इरली विणणारे हात कमी झाले. त्यांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला, आणि खताच्या रिकाम्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली खोळ आली. खोळ फुकट मिळते, हलकी असते, कुजत नाही. गावात तिच्याविरुद्ध तक्रार नाही. इरल्यासाठी हळहळणारे बहुतेक जण पुण्या-मुंबईहून आलेले असतात.

बियाण्यातही पाऊस ओळखणारी एक जुनी जाण आहे. काळभात, रायभोग, जिरवेल अशा स्थानिक भातांची नावं इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी सहज येतात. कुठलं भात साचलेल्या पाण्यात तग धरतं, कुठलं उतारावर येतं, कुठलं उशिरा तयार होऊन शेवटचा पाऊस चुकवतं, हे त्यांना ठाऊक असतं. उतारावर नागली, वरई, खुरासणी. संकरित वाणांच्या लाटेत ही बियाणी नाहीशी होत असताना याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी ती मडक्यांत आणि कणग्यांत जपली. बाएफ संस्थेच्या मदतीने त्यातून बियाणं बँक उभी राहिली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने शेकडो वाणांचं बी सांभाळलं, हे कौतुक सगळीकडे छापून आलं. त्या मडक्यांत पावसाबद्दलची किती माहिती भरलेली आहे, हे मात्र कमी छापलं गेलं.

जपानकडे पुन्हा एकदा वळायचा मोह होतो. तिथलं शिराकावा-गो हे बर्फाच्या खोऱ्यातलं गाव १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या घरांची गवती छपरं नमस्कारासाठी जोडलेल्या हातांसारखी उभट असतात, बर्फ घसरून पडावा म्हणून. एवढं मोठं छप्पर एका कुटुंबाने शाकारायचं म्हटलं तर आयुष्य पुरायचं नाही. म्हणून सारं गाव एका घरावर चढतं, पुढच्या खेपेला दुसऱ्या घरावर. या देवाणघेवाणीला ते ‘युई’ म्हणतात. अकोल्याच्या डोंगरात तिचं नाव सावड. आज माझ्या खाचरात तुम्ही, उद्या तुमच्या खाचरात मी. मजुरीचे पैसे नाहीत, पण कुणाचे किती दिवस फिटायचे आहेत याचा हिशेब तोंडपाठ. जिथे आभाळ अति देतं किंवा अति मागतं, तिथे एकट्या घराचं भागत नाही. जिथे ते बेताचं असतं, तिथे माणसाला शेजाऱ्याशी भांडणं परवडतं. नगरच्या काळ्या रानातल्या बांधाच्या खटल्यांची संख्या पाहता हा तर्क अगदीच हवेतला नसावा.

मेअखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरात झाडं काजव्यांनी लुकलुकू लागतात. ते बघायला रात्री मोटारींची रांग लागते. मग पावसाळाभर शनिवार-रविवारी धबधब्यांखाली भिजायला गर्दी. भिजणं हौसेने विकत घेणारी माणसं आणि कोरडं राहण्यासाठी उन्हाळाभर राबणारी माणसं एकाच टपरीसमोर उभी असतात. पहिल्यांना भजी लागतात, दुसऱ्यांना गिऱ्हाईक. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. भिजलेल्या पर्यटकाने कित्येक घरांत चार पैसे आणले आहेत. फक्त परतताना ‘तुमची मजा आहे बुवा, बारा महिने निसर्गात’ असं कुणी म्हणालं, की टपरीवाला समोरच्या पातेल्यात जरा जास्तच लक्ष घालतो.

पावसाची सवय असणाऱ्यांना पावसाची भीती नसते, हाही एक गैरसमज. ३० जुलै २०१४ च्या सकाळी शेजारच्या पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. तीही इथल्यासारखीच महादेव कोळ्यांची वस्ती होती आणि तिथेही पिढ्यान्‌पिढ्या असाच पाऊस पडत होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडातल्या इर्शाळवाडीचं तेच झालं. त्या दोन नावांनंतर अकोल्याच्या वाड्यांवर झडीच्या रात्री झोप पूर्वीसारखी राहिलेली नाही. माणसं ओढ्याच्या पाण्याचा रंग बघतात, उतारावर नवी भेग पडली का बघतात, झऱ्याचं तोंड एकाएकी बदललं का बघतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारताच्या मध्य पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं त्यात दिसलं, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचं अस्थिर होणं होतं. घाटघरचा म्हातारा हेच आपल्या शब्दांत सांगतो. पूर्वी पाऊस राहायला यायचा, आता अंगावर येतो. चार महिन्यांची संथ झड घराला आणि भाताला ओळखीची होती. महिनाभर ओढ देऊन मग दोन दिवसांत सगळं ओतून जाणारा पाऊस हा पाहुणा नवा आहे. त्याच्यासाठी ना माळ्याची उंची ठरलेली आहे, ना राबाची तारीख.

आणि एवढं पाणी जातं कुठे? रतनगडाच्या पायथ्याशी उगम पावलेली प्रवरा ते गोळा करते. इंग्रजांनी तिच्यावर भंडारदऱ्याला दगडी धरण बांधलं, ते १९२६ साली पूर्ण झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं. साठवण अकरा टीएमसीच्या घरात. पंधरा ऑगस्टच्या आसपास ते भरलं की खाली राहुरी-श्रीरामपुरापर्यंत लोकांचे चेहरे उजळतात, कारण त्या पाण्यावर ऊस उभा आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने उभारलेला, १९५० साली सुरू झालेला सहकारी साखर कारखाना याच खोऱ्यातला. खाली निळवंडे धरण झालं. त्याही पुढे प्रवरा गोदावरीला मिळते आणि जायकवाडीत जाते. त्या पाण्यावरून नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद कोर्टापर्यंत पोचला आहे. हरिश्चंद्रगडाच्या बाजूचं पाणी मुळा नदी घेऊन जाते, तिचं मोठं धरण राहुरी तालुक्यात. सकाळच्या वर्तमानपत्रात घाटघरचा आकडा सगळे आधी का वाचतात, त्याचं उत्तर हे आहे. घाटघरच्या छपरावर पडलेला पाऊस खाली पोचेपर्यंत रुपयांत मोजला जातो.

घाटघरच्या स्वतःच्या वाट्याला एक भातपीक येतं. डोंगर उताराचा, खडक बसाल्टचा, मातीचा थर पातळ. पाणी मुरायला जागा नाही, ते आल्या पावली निघून जातं. दिवाळीनंतर भात झोडून झालं, की तरणी माणसं गाठोडी बांधून खाली उतरतात. नारायणगाव, जुन्नर, संगमनेर, नाशिककडच्या टोमॅटो, कांदा, द्राक्षांच्या मळ्यांत मजुरीला. त्यांतले काही आपल्याच नदीच्या पाटाखाली भिजलेल्या शेतात खुरपत असतात. होळीनंतर एकेक घर परत येऊ लागतं, कारण सरपण फोडायचं असतं, कूड लिंपायचे असतात, पश्चिमेच्या ताट्या बांधायच्या असतात.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माळे भरलेले असतात, राब भाजून झालेले असतात, हुडवे गवताने झाकलेले असतात. आणि जिथे वर्षाला पाच मीटर पाऊस पडतो, त्या डोंगरातल्या कित्येक वाड्यांवर बाया झऱ्याच्या तोंडाशी बसून वाटीवाटीने हंडा भरत असतात.